विल्बरच्या नावे एक ट्रक

मी, एदुविना सागायो लुबोस, कै. आर्सेनियो लुबोस यांची विधवा, वय अडुसष्ट, धंदा शेती, राहणार लुतांग वाडी, बुगियास, बेंगेट प्रांत, हे माझे शेवटचे इच्छापत्र माझ्या घरी चुलीजवळ बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट नाही. पोटात गाठ आहे आणि ती वाढली आहे. बागियोचे डॉक्टर म्हणाले उघडून बघू, मी नको म्हटले आणि घरी आले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला आले होते, त्यांना कॉफी पाजून परत पाठवले.

वकीलबाई म्हणाल्या, सगळे स्वतःच्या अक्षरात लिहिले तर साक्षीदारांची गरज नाही. त्यांना नसेल. मी माझ्या मुलाला ओळखते. उद्या म्हणेल, आई तापात काहीतरी लिहून गेली. म्हणून साक्षीदार घेतले आहेत.

कलम १. राहते घर, त्यावरचे नवे पत्रे आणि आतली भांडीकुंडी माझी मुलगी जॉसलिन हिला द्यावीत. ती हाँगकाँगला दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आया सांभाळते. पत्रे तिच्याच पगारातून आले आहेत, तेव्हा मी तिला देते आहे असे म्हणणेही जरा जास्तच होते. घर तिने विकू नये. विकलेच तर बेनिताला विकू नये.

कलम २. बेनिता ही आमची शेजारीण. माझा थोरला मुलगा विल्बर ट्रकच्या अपघातात गेला, त्याच्या मयताला ती माझ्या शेजारी येऊन बसली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "ट्रक तरी वाचला गं, एदुविना." माझ्या मयतालाही ती येईल. आमच्याकडे मयताला आलेल्यांना घरी न्यायला मांसाचा वाटा देतात, तो तिलाही द्यावा, चांगला जाड, चरबीसकट द्यावा. मात्र तिच्याशी कोणी बोलू नये.

कलम ३. आता ट्रक. वकीलबाईंनी "एक सहाचाकी मालवाहू वाहन" असे लिहायला सांगितले आहे. लिहिले. आर्सेनियो गेल्यापासून तो माझ्या नावावर आहे. जपानात कोणीतरी वापरून टाकल्यावर तो आमच्याकडे आला. दारावर अजून जपानी अक्षरे आहेत, ती काय म्हणतात ते आम्हाला कधी कळले नाही. स्टिअरिंग उजवीकडे होते, ते काढून डावीकडे बसवले. किलोमीटरचा मीटर दोनदा फिरून शून्यावर आला आणि मग कायमचा बंद पडला. इंजिन बदलले, तेही पुन्हा बदलले. गिअरबॉक्स बदलला. स्प्रिंगचे पाटे किती वेळा मोडले ते आर्सेनियोलाच ठाऊक. केबिन दुसऱ्याच ट्रकचे आहे. मूळचे म्हणावे असे आता फक्त चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, तेवढे उरले आहे आणि त्यावरही पट्टीवर पट्टी मारलेली आहे.

जाताना कोबी आणि गाजरे घेऊन ला त्रिनिदादच्या बाजारात उतरायचे, येताना कोंबडीखत भरून चढायचे, हे त्याचे काम. या ट्रकवर तीन मुले शिकली, हे मी नाकारत नाही. मी कृतघ्न नाही. पण जे झाले तेही लिहिले पाहिजे, कारण माझ्यामागे ते सांगणारे कोणी राहणार नाही. माझ्या घरातले पुरुष ट्रकबद्दल बोलू लागले की अपघात सोडून सगळे सांगतात.

विल्बर तेव्हा ट्रक चालवत होता. त्याने बापाला सांगितले, मागच्या ब्रेक ड्रमला चीर गेली आहे. आमचा मेकॅनिक फाउस्तो चाक काढून बघून म्हणाला, ड्रम बदला, नाहीतर ट्रकच बदला. आर्सेनियो म्हणाला, दुरुस्त करू. लेथवर फिरवून घेऊ, चालेल अजून. दोघे ऐकेनात तेव्हा त्याने आमच्यात करतात तेच केले. गावच्या मंबुनोंगला, म्हणजे विधी सांगणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावले आणि डुक्कर कापून पित्ताला विचारले.

पित्ताची पिशवी भरलेली, सरळ आणि यकृताखाली नीट झाकलेली निघाली तर होकार. पहिल्या डुकराची अर्धी रिकामी निघाली. आर्सेनियो म्हणाला, हे डुक्करच आजारी होते. दुसरे कापले. त्याची वाकडी निघाली. तिसरे कापले. मी तेव्हाच म्हटले होते, "अहो, एवढ्या डुकरांत ड्रमची जोडी आली असती." मला चुलीकडे पाठवले. तिसऱ्या डुकराची पिशवी टच्च भरलेली होती. सगळ्यांनी दारू घेतली, ड्रम लेथवर गेला. आधीच्या दोन डुकरांचे मांसही सगळ्यांनीच खाल्ले.

मी पित्त मानते. कोणी गैरसमज करून घेऊ नये. पित्ताने आम्हाला दोनदा खरे सांगितले होते. आम्ही पुन्हा पुन्हा विचारले आणि हवे ते ऐकायला मिळाल्यावर थांबलो.

त्यानंतरच्याच कोबीच्या हंगामात, भरलेल्या ट्रकसह, मोठ्या उतारावर ब्रेक गेला. विल्बरने ट्रक डोंगराच्या अंगाला घालायचा प्रयत्न केला, असे मागून येणाऱ्यांनी सांगितले. ट्रक उलटला आणि दरीच्या बाजूला घसरला. खालच्या वस्तीतल्या लोकांनी आधी त्याला बाहेर काढले. मग त्यांनी उतारभर सांडलेले कोबी गोळा केले आणि दुसऱ्याच्या ट्रकमधून आमच्या दारात आणून रचले. एकही ठेवून घेतला नाही. ते कोबी मी डुकरांनाही घातले नाहीत. तिथेच सडू दिले.

तेव्हा तरी ट्रक भंगारात जायला हवा होता. आर्सेनियोने तो साखळ्यांनी ओढून वर काढला, रक्ताचा दोष काढायचा विधी केला, केबिन बदलले आणि स्वतः चालवायला बसला. मरेपर्यंत त्याने तो दुसऱ्या कोणाला चालवू दिला नाही. ती शिक्षा होती की हट्ट, ते मी त्याला विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. मी त्याला माफ केलेले नाही. तिकडे भेटला की बघू.

आता माझा धाकटा मुलगा हॅरल्ड तो चालवतो. केबिनच्या मागे चेसिस पुन्हा तडकले आहे, पट्टीच्या बरोबर शेजारी. फाउस्तोला घरी बोलावून मी हॅरल्डसमोर विचारले.

"फाउस्तो, खरं सांग. दुरुस्त होईल?"

"वेल्डिंग काय, कशालाही होतं, वहिनी. पण लोखंड थकलंय. इथं जोडलं की तिथं तुटणार. भरलेला असताना तुटला तर मी तर सोडाच, देव पण काही करू शकणार नाही."

हॅरल्ड म्हणाला, "काका, दोन्ही बाजूंनी जाड पट्टी मारू. इंजिन झक्कास आहे. नवीन क्लच प्लेट टाकलीय मी."

फाउस्तो म्हणाला, "बाळा, क्लचवर गाडी थांबत नाही."

"मग दुसरा घ्यायचा कशातून? हवेतून?"

मी म्हटले, "रस्त्याकडचा तुकडा विकू."

त्यावर तो जे बोलला ते ऐकून मला कळले की पैशांची अडचण नव्हतीच. म्हणाला, "आई, सगळं बदललंय गं त्याचं. फक्त चेसिस दादाच्या वेळचं आहे. तेच टाकलं तर दादा कुठं राहणार?"

विल्बर त्याच्या स्वप्नात येतो. दारात उभा राहतो आणि विचारतो, माझा ट्रक कुठाय? आमच्यात मेलेल्या माणसाने स्वप्नात येऊन काही मागितले तर ते द्यावेच लागते. चादर मागितली तर चादर, डुक्कर मागितले तर डुक्कर. नाही दिले तर घरात आजारपण येते. माझी गाठही त्यामुळेच असे दोघातिघांनी मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हटले आहे. मंबुनोंगने हॅरल्डला सांगितले, तुझा भाऊ ट्रक मागतो आहे तर ट्रक चालता ठेव. झाले. हॅरल्डने लगेच वेल्डिंगच्या पट्ट्या आणल्या आणि विधीसाठी डुक्करही आणून घराखाली बांधले. हे लिहिताना ते मला ऐकू येते आहे.

विल्बर माझाही मुलगा आहे. तो मलाही दिसतो. माझ्याकडे तो ट्रक मागत नाही. त्याचा पाय ब्रेकवर असतो, पार खाली दाबलेला, आणि तो माझ्याकडे न बघता समोर रस्त्याकडे बघत असतो. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. एक मुलगा मी या ट्रकला दिला आहे. दुसरा देणार नाही.

हॅरल्डशी भांडून उपयोग नाही हे मला माहीत आहे. मी गेल्यावर भांडायला मी नसेन आणि ट्रक दारात असेल. पण पडल्यापडल्या विचार करायला वेळ पुष्कळ मिळतो. मेलेल्याने मागितलेली वस्तू त्याला द्यायची असते, आपण वापरत बसायची नसते. चादर द्यायची तर आपण ती पुरतो. डुक्कर द्यायचे तर कापतो. डुक्कर घराखाली जिवंत बांधून ठेवून, हे आम्ही आजोबांना दिले, असे आजवर लुतांगमध्ये कोणी म्हटलेले नाही. मग धाकटा भाऊ चालवत असलेला ट्रक थोरल्याला कसा पोचणार?

सबब, सदर सहाचाकी वाहन मी माझा मयत मुलगा विल्बर सागायो लुबोस यास देत आहे, आणि ते आमच्या रीतीप्रमाणे कापून देण्यात यावे.

वकीलबाई म्हणाल्या, "आजी, मेलेल्या माणसाच्या नावे काही करता येत नाही." मी म्हटले, आमच्याकडे रोज करतात. तेव्हा त्यांनी सुचवल्याप्रमाणे असेही लिहिते, की कायद्याला वरचे मान्य नसेल तर वाहन भंगारात काढावे, ही माझी इच्छा समजावी. मंबुनोंगलाही बोलावून विचारले. त्याने दारूचा पेला संपवला आणि म्हणाला, "बरोबर आहे तुझं. मला असं कुणी विचारलंच नव्हतं." एवढ्यासाठी त्याला आर्सेनियोचे चांगले जाकीट द्यावे.

कापायचे काम फाउस्तोने गॅस कटरने करावे आणि आधी चेसिस कापावे. तुकडे हॅरल्डच्या हाती देऊ नयेत. माझ्या मुलाला जोडता येते.

कलम ४. घराखाली बांधलेले डुक्कर माझ्या मयताला कापावे. ट्रकबद्दल त्याला काहीही विचारू नये. माझ्याबद्दल विचारायचे तर विचारावे, पण एकदाच, आणि जे निघेल ते मान्य करावे.

कलम ५. रस्त्यालगतचा जमिनीचा तुकडा विकून येईल त्या पैशांत हॅरल्डने दुसरा ट्रक घ्यावा. जॉसलिनचा त्यातला हिस्सा कायद्याने तिचा आहे, पण तिने फोनवर सोडला आहे. ती म्हणाली, "आई, मला जमीन नको, मला भाऊ हवाय." ट्रक कोरा मिळणार नाही हे मलाही कळते. वापरलेलाच घ्यावा. पण त्यात कोणी मेलेले नसावे. घरी आणल्यावर डुक्कर कापायचे तर खुशाल कापावे, मात्र आधी फाउस्तोने ब्रेक बघितलेले असावेत. हॅरल्डची बायको व्हेन्सी, तो खाली उतरतो त्या दिवशी हातात काही काम धरू शकत नाही. रेडिओ लावते आणि अपघाताची बातमी येते का ऐकत बसते. त्याला हे माहीत नाही. आता झाले.

कलम ६. वरचे वाफे दोघांत सारखे. हत्यारे हॅरल्डची. आर्सेनियोचा भाऊ नेस्तोर याने नेलेला जॅक परत आलेला नाही. त्याचा दांडा आमच्याकडे पडून आहे, तो त्याला द्यावा आणि प्रकरण मिटवावे. फाउस्तोला काही नाही, कारण साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात. त्याने रागावू नये. कापण्याची मजुरी घ्यावी.

हे सर्व मी काल दुपारी हॅरल्डला बसवून वाचून दाखवले. ट्रकचे कलम आले तेव्हा त्याने मान वर केली.

"आई, तू मला फसवतेयस."

"हो."

"दादाने ट्रक मागितला नसता तर?"

"तर दुसरं काहीतरी शोधलं असतं. मी तुझी आई आहे, हॅरल्ड. मला तू जिवंत हवा आहेस. त्यासाठी खोटं बोलावं लागलं असतं तर तेही बोलले असते. इथं तर बोलावंही लागलं नाही."

तो रडला. विल्बरच्या मयताला तो रडला नव्हता, तेव्हा तो बापाबरोबर ट्रक ओढून काढण्यात गुंतला होता. मी त्याला रडू दिले. मग नाक पुसून त्याने विचारले, "कापून टाकला, आणि तरी दादा आला, तसाच दारात उभा राहिला, तर मी काय सांगू त्याला?"

मी म्हटले, "सांग, ट्रक पाठवलाय. पोचला नसेल तर आईला विचार म्हणावं. ती आता तुझ्याकडेच आहे."

यापुढे माझे काही सांगणे नाही. यापूर्वी मी कोणतेही इच्छापत्र केलेले नाही आणि यापुढे करायला वेळ नाही. वाचून, समजून, खाली सही करत आहे.

(सही) एदुविना सागायो लुबोस

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांना यातून काही मिळणार नाही:

१. फाउस्तो बांताग तेल्लो, मेकॅनिक

२. मार्सेलिना गिन्सिमान पालासी, निवृत्त शिक्षिका

३. दोमिंगो कावातेन, वाडीप्रमुख

लुतांग वाडी, बुगियास, बेंगेट प्रांत
दिनांक २३ नोव्हेंबर २०१८