दिवा लागल्यावरची भाकरी

आक्का, आज पुन्हा तोच तंटा झाला, आणि तुझ्यापाशी मन मोकळं केल्याशिवाय मला चैन पडणार नाही. निपाणीच्या आपल्या आश्रमावर यंदा स्वराज्याचा झेंडा लागला, बत्तासे वाटले, पण पंच तसेच. जुन्या पंचांची पोरं आहेत, एवढाच काय तो फरक. तंबाखूच्या वखारीत पोती वाहून जन्म काढलेला एक म्हातारा हमाल आपल्याकडं आलाय. दिवसाउजेडी त्याला जेवण जात नाही. मी त्याचं ताट झाकून ठेवते आणि दिवे लागले की देते. पंच म्हणाले, "हे बंद करा." मी म्हटलं, "करणार न्हाय." मग त्यातला एक हळूच म्हणाला, "आईचं काय झालं, ठाऊक हाय न्हवं?" आक्का, तेव्हापासून माझं डोकं नुसतं तापलंय.

तुझे दिवस आठवतात. नवरा गेल्यावर मी सासरहून परत आले आणि तुझ्या हाताखाली त्याच स्वयंपाकघरात उभी राहिले. सगळे तुला आक्का म्हणत, म्हणून पोटची पोर असून मीही आक्काच म्हणायची. आश्रम बांधला आपल्या जैन व्यापाऱ्यांनी, पण निराधार म्हातारं कुणीही येऊन राहावं: मराठ्यांच्या म्हाताऱ्या, लिंगायत, कोष्टी. फक्त जेवण सगळ्यांनी दिवस मावळायच्या आत उरकायचं, कारण आपल्यात तसा नेम. अंधारात अन्नात, दिव्यात जीव मरतात. तू तर असली नेमाची की सूर्य बुडाला की पाण्याचा घोटसुद्धा घ्यायची नाहीस.

आणि मग शहापूरचा तो विणकर आलता. डोळे गेलेले, माणूस कसला, नुसता सांगाडा. पंगतीत बसायचा, भाकरीवर हात ठेवायचा आणि तसाच उठायचा. तू विचारलंस तर म्हणाला, "आक्का, पाठीवर ऊन लागतंय अजून. आत्ता कसं जेवू? उजेड हाय तवर माग सोडायचा न्हाय, असंच वाढलो. दिवा लागला की हात धुऊन जेवायचं." आश्रमाचा कारभारी म्हणाला, भूक लागली की खाईल आपोआप. तू फणकाऱ्यानं म्हणालीस, "भूक काय सरकारी शिपाई हाय व्हय, हाक मारली की हजर?" म्हातारा मात्र दिवसेंदिवस खंगत चालला होता, आणि ते तुला बघवेना.

दुसऱ्या दिवसापासून तू त्याची भाकरी उन्हं असतानाच थापलीस. दिवस मावळल्यावर चूल पेटवली नाहीस, तेवढा नेम तू शेवटपर्यंत सांभाळलास. भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवायचीस, वर झुणका. ओसरीवर दिवा लागला की तो विचारतो, "लागला गं?" तू म्हणतेस, "लागला, मामा. बसा." त्याचा हात धरून ताटावर फिरवतेस, हितं भाकरी, हितं झुणका, हितं मीठ. लेकीच्या घरी आलेल्या बापाला वाढावं तसं वाढतेस. तो चवीनं जेवतो, बोटं चाटतो, आणि तू कोरड्या तोंडानं शेजारी बसून असतेस. महिनाभरात त्याच्या गालावर मांस आलं.

पंचांच्या कानावर गेलंच. आपल्यात कांदा खात नाहीत, पण नाकानं कांदे सोलणारे मात्र चिक्कार! मोठे पंच ओसरीत उभे राहून म्हणाले, "नुसतं आपण न खाणं म्हणजे नेम न्हवं. दुसऱ्याला खाऊ घालणं हाही दोषच. आणि धर्माचं खाणाऱ्यानं वेळ सांगू नये." तू परातीतनं हात काढलास. "अण्णा, धर्माचं खातोय म्हणून त्याचं पोट धर्मादाय झालं न्हाय. नेम माझा हाय, मी घेतलाय. त्याच्या गळ्यात का बांधू? आणि खाऊ घातल्याचा दोष लागत असंल तर लागू दे. माझं कर्म माझं मी फेडीन." मी घाबरून तुझा पदर ओढत होते. हाकललं असतं तर आपण मायलेकी कुठं जाणार होतो? तू मागं न बघता म्हणालीस, "पदर सोड गं, फाटंल." पंच धुसफुसत गेले. तुला काढून त्या म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढायला दुसरं कोण मिळणार होतं त्यांना?

मग काही वर्षांनी तुला घशाचा रोग झाला. आधी भाकरी जाईना, मग कण्यांची पेज, मग पाणीसुद्धा. भेटायला म्हणून आलेल्या बायका तुझ्या उशाशी बसून बोलल्या, "रात्रीचं खाऊ घातलं, आता दिवसाचंबी गिळवंना. भोग हाय हा." तू ऐकत होतीस, आक्का. डोळे मिटले होतेस, पण ऐकत होतीस. मी काही म्हणायच्या आत दाराशी बसलेला विणकर काठी आपटत उठला. "भोग म्हणं! खाल्लं तर मी. मग मी कसा जिता हाय?" मी त्या बायकांना हाताला धरून बाहेर काढलं, आणि आजही भेटल्या तर पुन्हा काढीन.

म्हणून आज त्या पंचाला मी तोंडावर सांगितलं, "व्हय, ठाऊक हाय माझ्या आईचं काय झालं. गेली तवा तिच्या मागं कुणी उपाशी न्हवतं. तुम्ही तेवढं करून दावा." हमालाचं ताट आजही दिवे लागल्यावर गेलं, उद्याही जाईल. काढायचं तर मला काढा म्हणावं.

हे पत्र कुठं धाडणार? तुझं पत्र म्हणून पेटीत पडून राहील. पण एक गोष्ट पंचांना कधी कळू देणार नाही, तुला सांगते. दर चतुर्दशीला मी उपास करते, तो तुझ्या नावानं. एकाचं पुण्य दुसऱ्याला लागत नाही, ज्याचं त्यानंच फेडायचं, हे तूच मला शिकवलंस. तरी करते. चुकून त्या बायकांचं खरं निघालं तर, म्हणून.