मागं सरायला कुणी सांगितलं?

रविवार, ९ नोव्हेंबर, दिवेलागण

जिंकलेली मॅच घालवली त्या प्रज्ञेश मास्तरानं. ताटातली भाकर उचलून कुत्र्याला टाकावी तशी घालवली. अजून मी तोंड धुतलं न्हाई, देवापुढं दिवा लावला न्हाई. आधी हे लिहिते. देव थांबंल, माझं डोकं थांबायचं न्हाई.

लोणावळ्याचं मैदान. आमच्या वडिवळ्याच्या पोरी. माझी नात मानसी पुढं खेळते. गोल तिनंच केला. मॅच संपत आलेली, आमी एकानं पुढं, आन् ह्या शहाण्यानं बाहेर कुणाला काढावं? मानसीला! आत घातली चैताली. चैताली गुणाची पोर हाय, पण पळते अशी, जसं काय डोक्यावर पाण्याची कळशी हाय.

मानसी बाहेर आली ती थेट माझ्याकडं. माझा पदर ओढायला लागली. काहीतरी सांगत होती. त्या गोंगाटात ऐकू कुणाला येतंय? अन्यायानं रडत असणार. मी म्हणलं, गप उभी ऱ्हा, तुझ्या वाटणीचंबी मीच ओरडते.

मग दोन गोल खाल्ले. मास्तर त्या अंगाला उभा राहून "वर चला, वर चला" करत होता. वर काय हाय? आभाळ. मी होते म्हणून पोरी ओळीत तरी राहिल्या. फुटबॉल मला कुणी शिकवू नये. भाताची लावणी आन् फुटबॉल एकच. ओळ धरायची, नजर समोर, पाय मागं. ह्यातल्या निम्म्या पोरी आषाढात माझ्या ओळीला लावणी करतात. माझा आवाज आला की डोकं वर न करता मागं सरतात. वळण लावलंय मी.

घसा पार बसलाय. हळद घालून दूध प्याले.

ठरवलं: मास्तराची मैदानावरनं उचलबांगडी करायची. दुसरं ठरवलं: शिव्या द्यायच्या न्हाईत. सभ्यपणे करायचं.

सोमवार, १० नोव्हेंबर

दूध डेअरीवर तीन शिव्या गेल्या. त्या धरायच्या न्हाईत, घसा साफ करताना गेल्या.

मानसी माझ्याशी बोलत न्हाई. मास्तराचा राग माझ्यावर काढते. लेकराला दुसरं हाय कोण?

सून सारिका म्हणते, आत्या, जाऊ द्या हो, खेळच हाय. हिला काय कळतंय. सगळी मॅच मोबाइलमधे भरत बसली होती. समोर मॅच चाललीय आन् ही बोटाएवढ्या मॅचकडं बघते. मी म्हणलं, काय करणार त्या व्हिडिओचं? म्हणली, असू दे आत्या, कधीतरी उपयोगी पडंल. आन् हसली. मला तिचं हसणं कधीच आवडलं न्हाई.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दळण घेऊन निवृत्तीच्या गिरणीत गेलते. निवृत्ती रोज टीव्हीवर परदेशातल्या मॅचा बघतो, त्यामुळं त्याचं पीठ जाडं पडतं. पण आज कामाचं बोलला. डब्याच्या झाकणावर मक्याचे दाणे मांडले. म्हणला, मावशी, ह्या आपल्या पोरी. शेवटी शेवटी ह्या सगळ्या मागं सरल्या. पार आपल्याच गोलात घुसल्या. समोरच्या टीमला मोकळं रान मिळालं. मानसीला काढलं म्हणून आपण हरलो न्हाई, मागं सरलो म्हणून हरलो.

मी म्हणलं, आरं, मी पहिल्यापासनं हेच म्हणते.

गिरणीत चार बाया होत्या. सगळ्यांनी मान डोलावली. मी विचारलं, मागं सरायला पोरी आपल्या मनानं सरतील? कुणीतरी सांगितलं असणार. कोण सांगणार? कोच! निवृत्ती म्हणला, मला तर तो वर चला म्हणताना दिसला. मी म्हणलं, तोंडानं वर म्हणला, हातानं मागं म्हणला असंल. शिकलेली माणसं अशीच असतात.

आपलं डोकं चालतं ह्याची मलाच कधी कधी भीती वाटते.

ठरवलं: येत्या रविवारी मारुतीच्या देवळात पोरींच्या आईबापांची बैठक. पोरींना मागं सरायला ज्यानं सांगितलं त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून जाब द्यायचा. आन् परत मैदानात पाय ठेवायचा न्हाई. असा ठराव मीच मांडणार.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मास्तर सरावाला आला. मी बांधावरच अडवला. पोरगा तसा नम्र हाय. लोणावळ्यात कुठल्याशा हॉटेलात कामाला हाय, सुट्टीच्या वेळात फुकट शिकवतो. फुकटाचं म्हणूनच असं.

म्हणलं, मास्तर, तुमी मानसीला का काढली? त्यानं आधी मानसीकडं बघितलं, मग जमिनीकडं. म्हणला, मावशी, तेव्हा ते गरजेचं होतं. पुढच्या मॅचला तुम्ही घरी आराम करा, दगदग होते तुमची.

म्हंजे घाबरला. साक्षीदार नको त्याला.

मी सांगितलं, रविवारी देवळात या. तवर हितं यायचं न्हाई. मान हलवली, स्कूटर वळवली, गेला. मानसी माझ्याकडं अशी बघत होती की मला वाटलं पाया पडते का काय. न्हाई पडली. लाजाळू हाय.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सराव बंद हाय. मानसीनं बूट माळ्यावर टाकले. जेवताना आईला म्हणत होती, २३ तारखेच्या मॅचला पुण्याच्या कॅम्पसाठी पोरी निवडायला माणसं येणार. सर आले न्हाईत तर टीमच जाणार न्हाई. मग संपलं माझं. दहावी झाली की तुम्ही मला कंपनीत पॅकिंगला लावणार.

एवढीशी पोर, पण मास्तरानं कसं डोकं भरवलंय बघा. मी म्हणलं, तू काळजी करू नको, दुसरा कोच आणू. म्हणली, कुठनं? मी म्हणलं, म्हंजे काय, मी हाय की तवर.

ताटावरनं उठली. भाकर तशीच ठेवली. वांग्याची भाजी खारट झाली होती, सारिकानं केलेली.

रविवार, १६ नोव्हेंबर, दुपार

एवढंच लिहिते.

देऊळ भरलेलं. बाया पुढं, बापे खांबाला टेकून. मी ठराव मांडला. मोठ्यानं, घसा आता बरा हाय. ज्यानं मागं सरायला सांगितलं त्यानं जाब द्यावा, मैदानाला पाठ दाखवावी. सगळ्यांनी हात वर केले. मास्तरानंबी केला. मला तेव्हाच खटकायला पायजे होतं.

निवृत्ती म्हणला, कुणी सांगितलं ते आधी बघू की. सारिका उठली. माझी सून, जी चार माणसांत तोंड उघडत न्हाई. तिनं मोबाइल निवृत्तीला दिला, त्यानं तो भजनाच्या स्पीकरला जोडला.

आन् मारुतीच्या देवळात माझा आवाज घुमला.

"मागं सरा गं पोरींनो! मागं! चैताली, वर काय बघती, मागं सर! ओळ मोडू नका!"

खरं सांगते, आवाज खणखणीत हाय माझा. स्पीकरवर तर शोभूनच दिसला. पण त्या आवाजासरशी पुढं बसलेल्या बाया बसल्या जागी मागं सरकल्या. सगळ्या. लावणीच्या सवयीनं. मागच्यांच्या मांडीवर जाऊन बसल्या, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. मग जे हसू फुटलं! हसता हसता बापे खांब सोडून खाली बसले.

मी म्हणलं, मोबाइलमधे आवाजाची भेसळ होते.

कुणी ऐकलं न्हाई. मग मानसी उठली. म्हणली, आजी, सरांनी मला काढलं न्हाई. मीच म्हणलं, सर, मला बाहेर घ्या, मी आजीला गप करते. शेवटचीच बदली उरली होती. ती सरांनी तुझ्यावर घालवली. मी तुझा पदर ओढत होते, आन् तू म्हणलीस, तुझ्या वाटणीचं मीच ओरडते.

मास्तर बिचारा म्हणला, राहू द्या, मावशींचा जीव आहे पोरींवर. असल्या माणसाचा राग तरी कसा धरायचा? तेच त्याचं वाईट.

ठराव तर पास झालेला. मीच केलेला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सराव सुरू. बूट माळ्यावरनं उतरले. मी धुऊन ठेवले. कुणाला सांगायची गरज न्हाई.

डेअरीवर गेले न्हाई. ह्यांना पाठवलं. हे परत येऊन म्हणले, लोक विचारत होते अंबूबाई कुठं हाय, पुढं हाय का मागं. आन् स्वतःच हसत बसले. एवढ्या वर्षांत ह्या माणसाला पहिला विनोद सुचला, तो ह्यावर.

रविवार, २३ नोव्हेंबर

सारं गाव टेम्पो करून मॅचला गेलं. हे माझ्यासाठी घरी राहिले म्हणतात. खरं म्हंजे टेम्पोत जागा न्हवती.

मी भात झोडत होते. पेंढा उडाला, डोळ्यात गेला. मैदानात पाय न ठेवणं म्हंजे काय शिक्षा न्हाई. पायाला आरामच हाय.

ठरवलं होतं, स्कोर विचारायचा न्हाई. ह्यांना फोन लावायला सांगितला तो सारिका जेवली का ते विचारायला. तीन-शून्य. दोन गोल मानसीचे. शेवटपर्यंत पोरी वर खेळल्या म्हणे. एकदाबी मागं सरल्या न्हाईत.

माझंच वळण. ओळ धरायला कुणी शिकवलं?

संध्याकाळ

टेम्पो वेशीत आला. ताशा वाजतोय. मानसीला कॅम्पला घेतलं, असं पोरं ओरडत चाललीत. मुलगा कंपनीत ड्युटीवर हाय. तवा मास्तर, पोरीला कॅम्पला पाठवता का, हे विचारायला आमच्याच दारात येणार. त्याच्यामागं ती सारी वरात, निवृत्ती, गिरणीतल्या बाया, सगळी दात काढत.

मी झोपलेय. ताप हाय. डोळ्यात पेंढा गेलाय, लाल दिसतात ते त्यानं.

अहो, ऐका. दार तुमी उघडायचं. मास्तराला चहा द्यायचा, साखर जास्त. मी कुठं हाय विचारलं तर आत हाय एवढंच सांगायचं. मागच्या खोलीत म्हणायचं न्हाई. आन् पोरीला पाठवता का म्हणून विचारलं, तर उत्तर तुमीच द्यायचं. व्हय म्हणायचं. मोठ्यानं.