मुक्ताचा प्रबंध आणि नवं मॉडेल

गुरुवार, संध्याकाळ

लॅपटॉप आज घ्यायचा की दिवाळीत नवं मॉडेल आल्यावर? दुकानदार थांबा म्हणाला आणि मला ते पटलं. घरी आलो तर लेक मुक्ता सोमवारी द्यायचा प्रबंध मोबाइलवर अंगठ्याने टाइप करत होती. जुना लॅपटॉप बंद पडल्यापासून हेच चाललंय. "बाबा, आमच्या मॅडमही दिवाळीपर्यंत थांबणार आहेत का?"

सभेत सरकारच्या दिरंगाईवर तासभर कडाडणारा मी, घरात दिवाळीची वाट बघतोय. पण आज घेतलेला महिन्यात जुना ठरला तर? ठरू दे. तिचा अंगठा सुजलाय.

शेवटी दुकानात फोन लावला. तो पुन्हा नव्या मॉडेलचं सांगू लागला, मी पुन्हा ऐकत बसलो. मुक्ताने फोन काढून घेतला. "काका, आहे तोच बांधून ठेवा. मी एकटीच येतेय."