जोव्हिअल व्हायचे तीन गुरुवार

४ जुलै १९९४, सोमवार
बावीस पोरं होती, नऊ राहिली. इंग्रजीचा क्लास आपलाच लातुरात एक नंबर, पण खोली गणिताच्या मडिवाळप्पा सरांची. त्यांनी आज सांगून टाकलं, एकवीस तारखेला पालकांसमोर डेमो घ्या; पंधरा पोरं झाली न्हाईत तर खोली फिजिक्सवाल्याला. पोरं का जाऊन राहिली, विचारलं. तर म्हणे, सर तोंड पाडून शिकवतात. भूकंपाला वर्ष झालं न्हाई अजून, हसायचं कशावर? तरी ठरवलं. उद्यापासून हसतमुख.

५ जुलै
नवी मेथड. रोज एक शब्द, कुळामुळासकट. आजचा ‘जोव्हिअल’. म्हणजे आनंदी, दिलखुलास. मूळ रोमन लोकांचा देव जोव्ह, त्याचा ग्रह म्हणजे आपला गुरू. त्याच्या अमलाखाली जन्मलेला माणूस सदा खुशीत, असं जुन्या लोकांचं मत. पाऊण तास अप्रतिम शिकवलं. फरहाननं विचारलं, सर, हे बोर्डाला येतंय का? बाहेर काढला. आठ राहिली.

६ जुलै
पत्रिका मलप्पास्वामींना दाखवली. कारण सापडलं! माझा गुरू बारावा. म्हणजे दोष माझा न्हाईच. उपाय लई सोपा: तीन गुरुवार कडक उपास, चहासुद्धा बंद, अंगात पिवळा शर्ट. तिसरा गुरुवार नेमका एकवीस तारीख. योग योग म्हणतात तो हाच.

७ जुलै, गुरुवार
सकाळी ७: प्रसन्न.
११: चहाची आठवण. डोकं ठणकून राहिलं.
४: बालाजीनं जांभई दिली. खडू फेकला, लागला शिल्पाला. ती गेली, मैत्रिणीला घेऊन गेली. सहा. गुरू मोठा ग्रह हाय, हलायला वेळ लागणारच.

१४ जुलै, गुरुवार
आरशात हसण्याची प्रॅक्टिस. बायकोनं, सिंधूनं विचारलं, दाढ दुखून राहिली का? तिच्यावर खेकसलो. ती शेजारच्या नागुबाईच्या घरी जाऊन बसली, उपास सुटल्यावर येते म्हणाली.

२१ जुलै, गुरुवार
डेमो. वीस-पंचवीस पालक. पुढंच क्लासातल्या लुबनाचे अब्बा, पाशामियाँ. पोटात कावळे, तोंडावर हसू. फळ्यावर लिहिलं, जोव्हिअल माणूस कशालाच भीत न्हाई. तेवढ्यात डाळ मिलचा ट्रक गेला अन् छताचे पत्रे थडथडले.
भानावर आलो तेव्हा रस्त्यापलीकडं पानटपरीशी उभा होतो. खडू हातात. बाकी कुणीच उठलं नव्हतं. मग हसले. पालक, पोरं, मडिवाळप्पा सर, सगळे. पाशामियाँ डोळे पुसून राहिले होते. लुबना माझ्या चपला घेऊन आली.
उपास सुटला, सिंधू घरी आली. सगळं सांगितलं. ती म्हणाली, भूकंपाच्या पहाटंही असंच, मला आत ठेवून. मी समजावलं, तेव्हा गुरू बारावा होता. तिनं माझं ताट वाढलं. लई लाज वाटली.

२२ जुलै, शुक्रवार
सोळा पोरं! खोली वाचली. गुरू पावला म्हणायचा. फरहानसुद्धा परत आला, पुढच्या बाकावर बसला. नवा शब्द घेतला, जीव तोडून शिकवला. पण फळ्याकडं कुणी बघंना. सगळ्यांचे कान रस्त्याकडं, ट्रक कधी येतो म्हणून.
माझेही.