फुल बाहीचा मे महिना

३ मे, शनिवार
घरी आलो. उजवा हात सोडला तर बाकी सगळं ओके.

काल भर दुपारी गच्चीवरची टाकी धुवायले चढलो अन् उन्हाची लू लागली. आधी टाकीजवळ बसलो, मंग आडवा झालो. शेजारच्या सुशीलाबाईनं हाका मारल्या. माझा दोस्त शेषराव स्कूटर घेऊन आला अन् आमच्या बोरसीतल्याच एका नर्सिंग होममध्ये टाकलं मले. रातभर सलाईन. सकाळी सुई काढल्यावर सिस्टर म्हणे, बाबूजी, रुई दबाके रखना, हाथ से कुछ उठाना मत. दाबलाही असता कापूस. पण शेषराव माझी थैली उचलायले लागला. आपली थैली दुसऱ्यानं उचलावी एवढे आपण म्हातारे नाही झालो. मीच उचलली. त्याच हातानं. कोपराच्या आतल्या बाजूले लिंबाएवढा गोळा आला.

प्रेरणाले कळता कामा नये. तिची माय, सिंधू, गेल्यापासून पोरगी एकच धोशा लावून आहे, नागपूरले चला. दिवाळीत बोलली होती, बाबा, एकदा जरी दवाखान्यात भरती झाले तर मंग मी ऐकणार नाही, घराले कुलूप अन् तुम्ही माझ्यासोबत. मी हो म्हटलं होतं. तब्येत ठणठणीत होती, हो म्हणायले काय जाते.

बुद्धपौर्णिमेले ती येऊन राहिली, बारा तारखेले. तोवर हात साफ करायचा. शेषरावले अन् सुशीलाबाईले ताकीद दिली, तोंडातून शब्द नाही काढायचा. दोघांनीही मान हलवली. माणसं कशी सांभाळायची ते भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये चार्जमन असताना शिकलो आहे.

४ मे, सकाळ
कोपरापासून हात काळानिळा. दुखते. पण घाबरण्यासारखं काही नाही. सारी नोकरी रोलिंग मिलमध्ये गेली. लोखंडाच्या रंगावरून ते किती तापलं ते मी लांबून सांगत होतो. काळं म्हणजे थंड. लाल म्हणजे तापलेलं. पिवळं म्हणजे जवळ जाऊ नका. माझा हात काळा आहे, म्हणजे थंड आहे.

सिस्टरनं बर्फानं शेकायले सांगितलं, चोळायचं नाही म्हणे. थंडाले आणखी थंड कावून करायचं? नवीन पोरी आहेत, शिकतील.

४ मे, संध्याकाळ
गोळा सपाट करायचा उपाय सापडला. मोहरीचं तेल अन् पोळ्यांचं लाटणं. मिलमध्ये एवढे मोठे ठोकळे आम्ही रोलखालून काढून सरळ केले, हे लिंबू काय चीज आहे. डाव्या हातानं हळूहळू सहा पास दिले, म्हणजे लाटणं सहादा फिरवलं. डोळ्यांत पाणी आलं, ते मोहरीच्या तेलामुळं.

५ मे, सोमवार
रोलिंगचा नियमच आहे, जाडी कमी होते अन् लांबी वाढते. गोळा बसला. काळं मात्र मनगटापर्यंत आलं. माल लांब झाला म्हणायचं. लाटणं धुवून जागेवर ठेवलं.

आंघोळीनंतर पायजम्याचा नाडा बांधता आला नाही. डाव्या हातानं अन् दातानं बांधून पाहिला, दात तिथवर पोचत नाहीत. शेवटी शेषरावले फोन केला. तो आला, नाडा बांधला अन् गेला. त्यानं अशी गाठ मारली की दुपारी ती सोडायलेही त्यालेच बोलवावं लागलं. तेव्हा तो भाजीबाजारात होता. म्हणे, अरे केवल, भेंडी तोलून होऊ दे, येतोच. बसून राहिलो. जास्त हललो नाही.

उद्यापासून रोज हाताचा व्यायाम.

६ मे, मंगळवार
व्यायाम उद्यापासून.

प्रेरणाचा व्हिडिओ कॉल येणार होता. पांढऱ्या फुल बाहीच्या सदऱ्यातून काळं दिसून राहिलं होतं, म्हणून ट्रंकेतून प्लांटचा निळा स्वेटर काढला. डांबरगोळ्यांच्या वासानं शिंका. फोन डाव्या हातात धरला, उजवा मांडीखाली दाबून ठेवला. ती म्हणे, बाबा, तिकडं थंडी आहे काय? मी म्हटलं, कूलर नवा आहे, फार गार फेकते. तिनं स्क्रीनजवळ येऊन स्वेटर पाहिला. मंग म्हणे, बरं. पटलं तिले.

कॉल संपल्यावर अंगावर दोन लोटे पाणी ओतून घेतलं. डाव्या हातानं.

७ मे, बुधवार
सुशीलाबाई डबा देते तो आजकाल बिघडला आहे. पोळ्या आधीच तुकडे करून येऊन राहिल्या. वरणात भात कालवलेला. सोबत चमचा. म्हटलं, बाई, असं कावून? तर म्हणे, भाऊजी, पीठच तसं आलं, पोळी फाटून जाते. चक्की बदलायले सांगितलं मी तिले. तिचाही संसार आहे, जास्त बोलणं बरं नाही.

तसं खाताना बरं पडलं.

सिंधूनं फाटकाजवळ लावलेल्या मोगऱ्याले पाणी घालायचं राहून चाललं होतं. बादली उचलत नाही, म्हणून लोट्यानं घातलं. बारा फेऱ्या झाल्या. तिच्या हातचं झाड आहे. यालेही कुलुपाबाहेर सोडून जा म्हणते पोरगी.

८ मे, गुरुवार
कुरिअर आलं. प्रेरणानं पौर्णिमेसाठी दोन पायजमे पाठवले, इलास्टिकचे. काय योगायोग पाहा. नागपुरात म्हणे आता नाड्याचे मिळतच नाहीत. शेषरावले सांगितलं, आता तुझी ड्युटी संपली. त्यानं खिशातून सुपारी काढली अन् दुसरीकडं पाहत कातरत बसला.

हातावर हिरवट कडा दिसून राहिली. मिलमध्ये हिरवं लोखंड मी कधी पाहिलं नाही. यावर माझं मत राखून ठेवतो.

१० मे, सकाळ
पिवळा.

बाही वर केली तर कोपरापासून मनगटापर्यंत पिवळा. खिडकीजवळ नेऊन पाहिला, अंगणात नेऊन पाहिला, चष्मा पुसून पाहिला. पिवळाच. हा रंग दिसला की मिलमध्ये आम्ही सारे मागं सरत होतो. पण आपल्याच हातापासून मागं कसं सरायचं?

दुखणं कमी आहे, ही आणखी वाईट गोष्ट. आतून गेला असेल.

शेषराव गावाले गेला. सुशीलाबाई मार्केटात. घरात मी अन् हा हात. मोबाईल कधी काढला मले कळलंच नाही. प्रेरणाले म्हटलं, बेटा, हात पिवळा पडला, तू ये. तिनं गाडी कोणती मिळते ते पाहते म्हटलं. हात कावून पिवळा पडला, काय झालं होतं, कोणता हात, काही विचारलं नाही. घाईत असेल.

११ मे, रविवार
प्रेरणा मले त्याच नर्सिंग होममध्ये घेऊन गेली. तीच सिस्टर. हात पाहून हसली. म्हणे, बाबूजी, पीला मतलब ठीक हो रहा है, दो-चार दिन में साफ. मी तिले लोखंडाचं समजावून सांगायले लागलो. प्रेरणानं हळूच माझी बाही खाली केली.

घरी येऊन बोलली. पहिल्याच दिवशी सुशीलाबाईनं फोन केला होता. पोळीचे तुकडे करा हे प्रेरणानंच सांगितलं होतं. नाड्याचं शेषरावकाकानं कळवलं. म्हणे, अन् बाबा, मे महिन्यात भिलाईत स्वेटर घालून बसलेला माणूस पाहून मले काय वाटलं असेल?

मी म्हटलं, मंग बोलली कावून नाही?

तिनं कपाटातून माझी बॅग काढली. म्हणे, ठरवलं होतं मी. तुम्ही पौर्णिमेपर्यंत निभावून नेलं असतं तर मी काहीच पाहिलं नाही असं म्हणणार होते. घर राहू द्यायचं होतं तुमचं. पण तुम्हीच फोन केला, ये म्हणून. आता मले तिकडं झोप येईल काय?

 उद्या बुद्धवंदना करून दुपारच्या गाडीनं निघायचं.

२४ मे, नागपूर
हात एकदम साफ. सुईचा ठिपकासुद्धा शोधावा लागते. हे तात्पुरतं शटडाऊन आहे, पाऊस लागला की मी परत बोरसीले. प्रेरणा पाहू म्हणते.

सुशीलाबाईचा फोन आला होता. मोगऱ्याले पाणी घालून राहिली. म्हणे, भाऊजी, फुलं फार आली, काय करू? मी म्हटलं, सिंधूच्या फोटोले वाहा. मंग आठवलं, फोटो इथं आणला आहे.

आज उजव्या हातानं काही काम करावं म्हणून उठलो. बादली भरून ठेवली होती. पाण्याच्या बाटलीचं झाकण कोणीतरी आधीच सैल करून ठेवलं होतं. ताटात पोळीचे तुकडे.