दुसऱ्यांदा न दिसलेला ठिपका

८ फेब्रुवारी

किरण मोजायचा काउंटर सकाळपासून उगाच बडबडत होता. समोर काही ठेवलेलं नाही, तरी टकटक चालूच. गॅस बदलला, तारा तपासल्या, त्याच्या तोंडाशी असलेल्या खिडकीवरचा पातळ पडदा नवा लावला. दुपारी घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं — पोपटाचं घड्याळ! अंधारात चमकणारे काटे. त्या रंगातून किरण निघतात हे याला माहीत नाही असं थोडंच आहे? तरी हा पठ्ठ्या कोपर काउंटरवर टेकवून उभा. दारातल्या बिस्किटांच्या डब्यात घड्याळं काढून ठेवायची आणि मग आत यायचं, हा आमचा नियम. डब्यात सगळ्यांची होती, याचं सोडून. "काढलं होतं, काढलं होतं," म्हणे. प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतो म्हणून तर पोपट. रॉकेटकडून रेडिओवर येणारे आकडे झेलायचं काम त्याचं. तिथे मात्र कधी चुकत नाही.

९ फेब्रुवारी

जेवताना आत्याने विचारलं, तुझा तो डबा नक्की करतो काय? म्हटलं, आत गॅस आहे, क्ष-किरण शिरला की टक् करतो, आम्ही टक् मोजतो. आकाशातून येणारे हे किरण हवा गिळून टाकते, म्हणून डबा रॉकेटमध्ये घालून हवेच्या वर न्यायचा. आत्या म्हणाली, सूर्य एवढा डोक्यावर तापतोय, त्याचे पुरत नाहीत का? म्हटलं, सूर्याचे झाले पाहून. त्याच्या पलीकडून कुठून येतात ते पाहायचंय.

बाबा हसले. जन्मभर इस्पितळात क्ष-किरणांच्या फिल्म काढल्या त्यांनी. म्हणाले, आकाशाचं कुठलं हाड मोडलंय ते कळलं की मला सांग. हसता हसता खोकला लागला आणि बराच वेळ थांबला नाही.

१३ फेब्रुवारी

उद्या उड्डाण. माझी झुलती पट्टी बसवून झाली. काउंटर जागा आहे का, हे वर गेल्यावर विचारायचं कसं? तर पट्टीच्या टोकाला किरण देणारा एक कण चिकटवलाय. मधूनमधून मोटर ती पट्टी काउंटरच्या तोंडासमोर आणते, आकडा उसळतो, पट्टी परत बाजूला जाते. झोपलेल्याला चिमटा काढल्यासारखं. स्प्रिंग मीच वळली, मीच बसवली.

१४ फेब्रुवारी

गेलं! सूर्य बुडाल्यावर सुटलं, गोल गोल फिरत वर गेलं, काही मिनिटं हवेच्या बाहेर राहिलं आणि ठरल्याप्रमाणे समुद्रात पडलं. पोपटाने सगळे आकडे झेलले. आम्ही शेडच्या पत्र्याला पाठ लावून चहा प्यालो. फार बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी

आकड्यांची रेघ उमटलेली कागदाची गुंडाळी जमिनीवर उलगडून गुडघ्यांवर रांगत वाचतेय. रॉकेट फिरतं तशी काउंटरची नजरही आकाशाभोवती फिरते. दर फेरीत एक उडी — तो दुसऱ्यांनी आधीच शोधलेला आकाशातला ठिपका, आमचा ओळखीचा. पण त्यानंतर थोडं पुढे, दर फेरीत, आणखी एक उडी. छोटी नाही. तिथे काहीही असल्याचं कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या गटाच्या प्रमुखांना, सरांना, बोलावलं. तेही गुडघ्यांवर बसले. एवढा मोठा माणूस, पण कोटाची पर्वा न करता रांगत होता. म्हणाले, कुणाला बोलू नका. पोपट म्हणाला, नाही बोलणार, नाही बोलणार.

१९ फेब्रुवारी

झोप नाही. सूर्याच्या पलीकडच्या क्ष-किरणांचे ठिपके आजवर बोटांवर मोजण्याइतके सापडलेत. त्यांतला एक आमचा!

२ मार्च

सरांनी ठरवलं, दुसरं उड्डाण करायचं, तोच ठिपका पुन्हा पाहायचा आणि मगच छापायचं. बाजारात तुरी नकोत, म्हणाले. बरोबर आहे.

बाबांना मी जबरदस्तीने त्यांच्याच जुन्या इस्पितळात नेलं. फिल्म निघाली. डॉक्टरांनी ती दिव्यावर धरायच्या आधी बाबांनीच हातात घेऊन खिडकीकडे धरली. उजव्या बाजूला सावली आहे. डॉक्टर म्हणाले, औषधं देऊ, महिनाभराने पुन्हा फिल्म काढू, तोवर घाबरू नका. बाबा अजिबात घाबरले नाहीत. फिल्म काढणाऱ्याने हात हलवला नाही याचं कौतुक करत होते. 

६ एप्रिल

दुसरं उड्डाण. निरभ्र, वारा नाही. सुरेख गेलं.

८ एप्रिल

ओळखीचा ठिपका जिथल्या तिथे, तेवढाच ठळक. नवा नाही.

नाहीच. तिथे सपाट रेघ.

९ एप्रिल

गुंडाळी तीनदा वाचून काढली. सरांनी वाचली. काउंटर जागा होता, नजर त्याच जागेवरून गेली होती, पट्टी वेळेवर पुढे आली, वेळेवर मागे गेली. सगळं नीट, फक्त ठिपका नाही.

 मग सर हळूच म्हणाले, "पहिल्या वेळी पट्टी सैल असेल." म्हणजे असं — रॉकेट नुसतं फिरत नाही, डुलत फिरतं. स्प्रिंग सैल असेल तर दर फेरीत पट्टी एकदा काउंटरसमोर झुलणार, दर फेरीत एक उडी येणार. म्हणजे चमकला तो तारा नव्हता, माझा कण!

पटण्यासारखं आहे. हेच तर वाईट आहे.

१२ एप्रिल

जोडीची दुसरी पट्टी काढली, तशीच स्प्रिंग वळली आणि लेथवर बांधून, डुलवत डुलवत फिरवली. पट्टी हलली नाही. स्प्रिंग थोडी ढिली केली. तरी नाही. पार लुळी केली तेव्हा कुठे झुलली. इतकी लुळी मी बसवली असती तर उड्डाणाच्या मैदानावर जातानाच ट्रकमध्ये लोंबली असती.

पोपटाने शेजारी उभं राहून सगळं पाहिलं. "ही ती पट्टी नव्हे, ही ती नव्हे," म्हणाला. चिडले, पण खरं आहे. ती समुद्राच्या तळाशी आहे. तिची साक्ष कोण काढणार?

१५ एप्रिल

आज पहिल्यांदा असं वाटलं की खरंच सैल असेल. हातांकडे पाहत बसले. आपण केलेल्या कामावर आपलाच विश्वास उरत नाही, हे फार वाईट असतं.

१७ एप्रिल

सरांनी खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं, चहा मागवला. रागाने नाही, मायेनेच बोलत होते. छापायच्या लेखात एक वाक्य घालायचं — पहिल्या उड्डाणात यांत्रिक दोष होता, म्हणून ते धरलेलं नाही. मी सही करायची. चूक कुणाची होत नाही? कबूल केली की संपलं, पुढच्या यंत्राचं काम माझ्याकडेच. अडून बसले तर मात्र त्यांना विचार करावा लागेल. स्वतःची चूक न दिसणाऱ्याच्या हाती यंत्र कसं द्यायचं?

मी विचारलं, डोळ्यांनी आकाश पाहणाऱ्यांना त्या जागी काही नवं दिसलं का? सर म्हणाले, मी विचारलं होतं, काही नाही. तारे पाहुणे नसतात हो, आज आले आणि उद्या गेले असं करायला.

सोमवारपर्यंत वेळ दिलाय. सही केली तर सगळं सुरळीत होतं. मोह होतोय, खोटं कशाला लिहू?

१९ एप्रिल

बाबांची दुसरी फिल्म. स्वच्छ! सावली नाही. मी तिथेच, सगळ्यांदेखत रडले. बाबा म्हणाले, अगं वेडे, बरा झालो तर रडतेस काय!

पण मग काय झालं — डॉक्टर नवीन होते. सहज बोलून गेले की पहिल्या फिल्मवर डाग पडला असेल, धुताना पडतात कधी कधी. बाबांचा चेहराच बदलला. दोन्ही फिल्म खिडकीवर शेजारी शेजारी धरल्या. आवाज चढवला नाही. "डॉक्टरसाहेब, डाग कडेने तुटक असतो. ही सावली होती. होती आणि गेली. दुसरी चांगली आली म्हणून पहिलीला खोटी नका म्हणू." खोकत होतो तो मी होतो, असंही वर म्हणाले. डॉक्टर हसून हो म्हणाले.

घरी येताना मी गप्प होते. आत्याला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून गप्प आहे.

२१ एप्रिल

सही केली नाही.

सरांना म्हटलं, "पट्टी सैल होती हे दाखवा, मी स्वतःच्या हाताने लिहून देते." ते म्हणाले, ती तर समुद्रात आहे. म्हटलं, "मग दोषही तिथेच असू द्या, सर. आपण वर काढल्यासारखं लिहू नये."  एवढंच मागितलं की आकाशातली जागा छापा, उडी केवढी होती ते छापा, दुसऱ्यांदा दिसली नाही हे छापा आणि कारण माहीत नाही असं लिहा.

सरांनी लेखाचा मसुदा पुढे ओढला. मग म्हणाले, तळटीप देतो, पण लोक हसतील. हसू देत, मी म्हटलं. ते म्हणाले, पुढचं यंत्र मी दुसऱ्याकडे देतोय. देऊ देत. तळटीप मिळाली होती.

५ मे

आजपासून गॅसच्या खोलीत. दुसऱ्यांचे काउंटर भरायचे, तपासायचे, पाठवून द्यायचे. बाहेरच्या कारखान्यातून नवी झुलती पट्टी आली. चकचकीत आहे. स्प्रिंग बोटाने दाबून पाहिली — माझ्या स्प्रिंगपेक्षा ढिली. तोंडात मूग धरून बसले. मग राहवलं नाही, जाऊन सांगून आले. वाटलं, नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतील. सर 'बघतो' एवढंच म्हणाले.

३० जून

लेख छापून आला. तळटीप इतक्या बारीक अक्षरात की बाबांनी भिंग काढलं. दोनदा वाचली आणि म्हणाले, बरोबर लिहिलंय. आत्याने विचारलं, यासाठी नोकरीतला मान घालवलास? बाबांनी तिला भिंग दिलं.

१८ जुलै

पोपट म्हणाला, लोक विचारतात, तो पट्टीवाला तारा सापडला का. एकदाच म्हणाला. म्हणजे त्यालाही वाईट वाटलं असावं.

१० ऑगस्ट

रोजचंच. बाबा आता सकाळी फिरायला जातात. मी गॅस भरते. वाईट नाही. कधी कधी वाटतं, खरंच सैल असेल. कधी कधी अजिबात नाही वाटत.

२६ ऑगस्ट

सर आज स्वतः गॅसच्या खोलीत आले. हातात पत्र, दुसऱ्या देशातून. तळटीप वाचून लिहिलंय — आमच्या पहिल्या उड्डाणाच्या दहा दिवस आधी त्यांचंही रॉकेट गेलं होतं आणि त्याच जागी, तशीच उडी, आमच्याहून मोठी! त्यांनी ती कधीच खोडून टाकली होती. खापर काउंटरच्या खिडकीचा पडदा लावणाऱ्यावर फोडलं होतं. त्यांच्या यंत्रात झुलती पट्टी नाहीच.

होता, आणि गेला. सर पत्र माझ्यापुढे धरून नुसते उभे राहिले. घड्याळ डब्यात काढून ठेवायचं विसरले होते. काउंटर टकटकत राहिला. घड्याळाचं मी काही त्यांना सांगितलं नाही.