गाजर आणि गाजर गवत

ती. मंदाताईस,

यज्ञेश्वराचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, पण पूर्ण धरावा.) वाईची थंडी ओसरली असेल. तुझा खोकला आणि अवधूतरावांची नवी कवळी, दोन्ही आपापल्या जागी बसली असावीत. फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू मध्येच बोलतेस.

दसऱ्यानंतर सलिलने मला धायरीला भाजी लावण्यासाठी भाड्याने जमिनीचा तुकडा घेऊन दिला. ("बाबा, तुम्ही दिवसभर टीव्हीशी भांडता," हे कारण.) तुकडा म्हणजे दोन पलंग मावतील एवढा. त्यात मी मेथी, मुळा, कोबी आणि गाजर लावलं. मेथी उत्तम आली. कोबी अळ्यांना आवडला.

शेजारचा वाफा कादंबरीबाईंचा. त्या पोस्टात होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. एके सकाळी त्यांनी विचारलं, "अहो, यातलं गाजर कुठलं आणि गवत कुठलं?" मला माहीत नव्हतं, हे तुला वेगळं सांगायला नको. पण सुरुची गेल्यापासून मला कोणी काही विचारलंच नव्हतं, ताई. सलिल विचारतो, पण गोळ्या घेतल्या का एवढंच. त्यामुळे मी ठामपणे सांगितलं, "ही मरतुकडी रोपं उपटा, ही तरतरीत ठेवा." दोघांनीही तसंच केलं. तरतरीत रोपांना आम्ही मनोभावे खतपाणी घातलं. ती कमरेएवढी झाली आणि त्यांना पांढरी फुलं आली.

कादंबरीबाईंनी मोबाइलवर फोटो ताडून पाहिले. म्हणाल्या, "हे गाजर गवत आहे."

"नावात गाजर आहेच," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन वाफ्यांच्या मध्ये मातीचा बांध घातलेला दिसला. त्यांचं येणं मग संध्याकाळी सुरू झालं आणि माझ्या सकाळी फार लांबायला लागल्या. शेवटी एकदा त्या नसताना दोन्ही वाफ्यांतलं गवत मी एकट्याने उपटलं. हात कोपरापर्यंत लाल होऊन सुजले. संध्याकाळी आल्यावर ते पाहून त्या म्हणाल्या, "माहीत नाही म्हटलं असतंत, तर काही बिघडलं असतं का?" आणि पिशवीतून खोबरेल काढून दिलं.

गाजरं आम्ही पुन्हा पेरली. ती परवा निघाली. बुटकी, वाकडी, काहींना तर दोन पाय. नळाखाली धुऊन तिथेच खाल्ली. गोड होती.

घरी सर्वांना यथायोग्य सांगणे.

तुझा,
यज्ञेश्वर

ता. क. गाजरं पाठवत नाही. उरली नाहीत.

दुसरा ता. क. पुढच्या हंगामात मधला बांध काढून टाकू, असं कादंबरीबाईच म्हणाल्या. मी त्यावर बराच विचार केला आहे. या वयात लग्न रजिस्टर पद्धतीने, गाजावाजा न करता झालेलं बरं. सलिलला तू समजाव, तो तुझं ऐकतो. बाईंचा होकार आहे का, असं तो विचारील. तर सांग, त्यांच्याकडे अजून विषय काढलेला नाही.